संन्यासी काकांचं पान वाढायचं की नाही?

कृष्णाकाठची
(सोमवार, रात्री १०:४०)

पितृपक्ष आठ दिवसांवर आलाय आणि आमच्या घरात एक तिढा होऊन बसलाय. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे धाकटे काका, बाळकाका, पोस्टात होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं इथेच सांगलीत आमच्यात राहिले आणि मग नर्मदेकाठच्या एका आश्रमात गेले ते गेलेच. तिथे रीतसर संन्यास घेतला. पुढच्या चौदा वर्षांत इकडे दोनदा आले. घरी उतरले नाहीत, देवळात उतरले आणि दुपारी आमच्याच दारात भिक्षेला उभे राहिले. आईने वाढलं. नाना म्हणजे माझे वडील, काकांपेक्षा आठ वर्षांनी मोठे. ते पुढे होऊन धाकट्या भावाच्या पाया पडले, कारण संन्याशाला लहानथोर सगळ्यांनी नमस्कार करायचा असतो. त्या दिवशी नाना संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

यंदा आषाढात आश्रमातून फोन आला. स्वामीजी गेले, जलसमाधी दिली. आमचे गुरुजी म्हणाले सुतक नाही, फक्त अंघोळ करा. नानांनी अंघोळ केली आणि रोजच्यासारखा चहा मागितला.

आता मुद्दा. आजोबांचा महालय, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, पंचमीला असतो. नानांचं म्हणणं, त्या दिवशी बाळूचंही एक पान वाढायचं. गुरुजी म्हणाले, "नाना, त्यांना गोत्र उरलं नाही. पिंड कुठल्या गोत्रानं देऊ?" नाना म्हणाले, "माझ्या!" झालं. तेव्हापासून अबोला. नाना ८२ चे, गुरुजी ७० चे, मध्ये मी.

शास्त्र काय म्हणतं आणि लोक प्रत्यक्षात काय करतात, दोन्ही सांगा.

मठ्ठा
(सोमवार, रात्री ११:०५)

वाचतोय. एक भाबडी शंका. काकांना जाऊन अजून वर्ष झालं नाही, मग यंदा महालय करतात का? आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत पितृपक्षात त्या माणसाचं नाव काढत नाहीत.

तीळदर्भ
(मंगळवार, सकाळी ६:२०)

ताई, गुरुजी बरोबर आहेत आणि नानाही फारसे चुकलेले नाहीत. मी याज्ञिकी शिकलो, पण पोटापाण्याला बँकेत होतो. त्यामुळे कुणा यजमानाला सांभाळून बोलायची गरज नाही.

माणूस गेल्यावर दहाव्या-अकराव्या-बाराव्याला जे करतात ते कशासाठी, हे आधी बघा. गेलेला जीव प्रेत असतो आणि त्याला पितर करायचं असतं. सपिंडीकरणात त्याच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिसळतात आणि तो त्या रांगेत जाऊन बसतो. पुढे त्याचा मुलगा श्राद्ध करतो तेव्हा वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. नवा आला की सगळे एकेक पायरी वर सरकतात. चौथ्या पिढीला पिंड नाही. पिंड देऊन झाल्यावर हाताला जो भाताचा लेप चिकटून राहतो तो दर्भाला पुसतात, तेवढा त्यांचा. म्हणून त्यांना लेपभागी म्हणतात. मला सगळ्या श्राद्धात हा हात पुसण्याचा भाग सर्वांत जास्त आवडतो.

संन्यासी या रांगेत उभाच राहत नाही. संन्यास घेताना आठ श्राद्धं करावी लागतात: देव, ऋषी, दिव्य, मनुष्य, भूत, पितृ, मातृ आणि शेवटचं आत्मश्राद्ध. म्हणजे स्वतःचं, स्वतःच्या हातानं. मग विरजाहोम म्हणजे शुद्धीचा होम, शेंडी-जानव्याचा त्याग, आणि 'संन्यस्तं मया' म्हटलं की आपल्या हिशेबात तो माणूस गेला. अग्नी सोडलेला असतो, म्हणून दहन नाही. भूमीत समाधी किंवा जलसमाधी. भूमीत देताना खड्ड्यात मीठ, कापूर, भस्म घालतात. आणि जो प्रेत झालाच नाही त्याची सपिंडी कशी करणार? सुतक नाही तेही याच कारणानं. अकराव्या दिवशी एकोद्दिष्टाऐवजी (एकट्या गेलेल्याच्या श्राद्धाऐवजी) थेट पार्वण (तीन पिढ्यांचं) श्राद्ध, बाराव्याला नारायणबळी, मग आराधना. आराधनेत गुरू, परमगुरू, परमेष्ठिगुरू, परात्परगुरू असे चार आणि केशव, नारायण, माधव वगैरे बारा, मिळून सोळा नावं. तुमच्या काकांचं हे सगळं आश्रमात शिष्यांनी किंवा गुरुबंधूंनी केलेलं असणार.

उरला पितृपक्ष. त्यात काही तिथी राखीव आहेत. अविधवा नवमी सवाष्ण गेलेल्या बायकांची, चतुर्दशी शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांची, आणि द्वादशी यतींची, म्हणजे संन्याशांची. यती कुठल्याही तिथीला गेलेला असो, त्याचा महालय भाद्रपद वद्य द्वादशीलाच. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांचा धर्मसिंधु (१७९०) आपल्याकडचे बहुतेक गुरुजी प्रमाण मानतात, त्यातही हेच आहे.

तेव्हा पंचमीला आजोबांच्या पंक्तीत त्यांचं पान नको. द्वादशीला स्वतंत्र करा. नानांनी भाऊ म्हणून पिंड देण्यापेक्षा आराधना म्हणून एका अतिथीला भोजन घालावं, हे माझं मत.

मठ्ठासाहेब, तुमच्याकडची रीत सपिंडी आणि वर्षश्राद्धाशी बांधलेली आहे. यतीला ती लागू करू नये, असं माझे गुरुजी म्हणत.

वाळूचा किल्ला
(मंगळवार, सकाळी ९:१२)

नेहमीचा प्रश्न विचारतो, नेहमीच्या शिव्या खातो. इथे वाढलेलं पान तिथे पोचतं याला आधार काय? आणि ज्या माणसानं 'मी तुमच्यातून गेलो' असं स्वतः विधी करून सांगितलं, त्याला तरी सोडा की!

तीळदर्भ
(मंगळवार, सकाळी ९:४०)

शिव्या कशाला? तुमचा पहिला प्रश्न आपल्याच लोकांनी कधीचा विचारलाय. चार्वाकांचा श्लोकच आहे: श्राद्धानं मेलेल्याचं पोट भरत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून द्यायचं कारण काय, घरीच त्याच्या नावानं वाढा. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात तो पहिल्याच प्रकरणात सापडतो. माझ्याकडे याला उत्तर नाही. तरी दरवर्षी तीळ भिजवतो.

दुसरा प्रश्न मात्र मला अडतो. विचार करतोय.

उंबरठा
(मंगळवार, दुपारी १:३०)

दोघी बहिणी, भाऊ नाही. बाबांचं श्राद्ध गेली सहा वर्षं मी करते. पुण्यात आता स्त्री पुरोहित सहज मिळतात, ज्ञान प्रबोधिनीनं हे बरंच रुळवलंय. अर्थ सांगत सांगत करतात, त्यामुळे आपण नुसते हात पुढे करून बसत नाही.

पहिल्या वर्षी घोळ झाला. वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं घ्यायची. पणजोबांचं नाव कुणालाच येईना. आजोबा दत्तक गेलेले, त्यामुळे घराणंच बदललेलं. आत्याला फोन केला, ती म्हणाली 'आम्ही त्यांना तात्याच म्हणायचो'. पुरोहित बाईंनी शांतपणे सांगितलं, त्याचीही सोय आहे. नावं ठाऊक नसली तर वडलांसाठी पृथिवीषत्, आजोबांसाठी अंतरिक्षसत् आणि पणजोबांसाठी दिविषत् म्हणायचं. म्हणजे पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात बसलेला. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप. मी 'दिविषत्' म्हटलं खरं, पण घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. ज्याच्या जमिनीवर तीन पिढ्या जेवल्या त्याचं नाव येत नाही.

दोन वर्षांनी त्र्यंबकेश्वरला गेले होते. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांची गोष्ट ऐकून होते, सहज गाव आणि आडनाव सांगितलं. तासाभरानं त्यांनी लांबट, कडा खाल्लेली वही काढली. मोडीतली नोंद होती. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवली. पणजोबा आईला घेऊन आले होते, खाली त्यांची सही. त्या अक्षराचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे.

ताईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर नाही हे, माफ करा.

सांजोरी
(मंगळवार, दुपारी ३:१०)

आमच्याकडं खान्देशात एवढं तपशिलात कुणी जात नाही बघा. पितरांचा मोठा दिवस आखाजी. वैशाखात घागर भरतात, त्यावर खरबूज ठेवतात, आमरस, सांजोऱ्या, खापरावरची पुरणपोळी. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडायचा, त्याला आगारी टाकणं म्हणतात. पितृपक्षातही तीच आगारी. घरातला मोठा माणूस नाव घेत घेत टाकतो.

माझ्या आजेसासऱ्यांचा भाऊ गोसावी होऊन निघून गेला होता. कुठं गेला, कधी मेला, कुणाला पत्ता नाही. तरी सासरे शेवटचा घास त्याच्या नावाचा टाकायचे. आता माझे मिस्टर टाकतात. त्यांनी त्याला कधी पाह्यलंही नाही. तो पितर झाला का नाही, आम्ही कुणाला विचारलंच नाही.

मठ्ठा
(मंगळवार, दुपारी ३:२५)

सांजोरीताई, तुमचा प्रतिसाद भारी. खापरावरच्या पुरणपोळीचा वेगळा धागा काढाच.

घंटानाद
(मंगळवार, रात्री ८:५०)

थोडं वेगळ्या बाजूनं. आपण संतांचं श्राद्ध करतो का? नाही. पुण्यतिथी, समाधी सोहळा, बीज, षष्ठी, नवमी असंच म्हणतो. पिंड नाही, काकबळी नाही, कुणी अपसव्य करत नाही, म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घेत नाही. पारायण, कीर्तन, काला आणि महाप्रसाद. शब्द बदलले तसा सगळा विधीच बदलतो. तीळदर्भ यांनी सांगितलेली यतीची आराधना आणि गावोगावचे हे उत्सव एकाच वळणाचे आहेत.

मी आळंदीजवळचा. कार्तिक वद्य त्रयोदशी लहानपणापासून बघतोय. माऊलींनी समाधी घेतली शके १२१८ ला, इ. स. १२९६. त्या दिवशी देवळात नामदासांचं कीर्तन असतं, म्हणजे नामदेवांच्या घराण्यातलं. नामदेव स्वतः समाधीला हजर होते आणि त्यांनी तो प्रसंग अभंगांत बांधून ठेवलाय. ते अभंग पुढे सरकतात तसतशी देवळातली कुजबुज बंद होत जाते. दुपारी समाधीची वेळ आली की घंटा सुरू होते आणि फुलं पडतात. एका वर्षी माझ्या शेजारी परभणीकडचे एक आजोबा उभे होते. टोपी काढून हातात धरलेली, डोळ्यांतून पाणी, आणि मला म्हणतात, "धाकटी भावंडं राह्यली की मागं." सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि हा माणूस मुक्ताईची काळजी करतोय! पुढे महिन्याभरात सोपानदेव सासवडला, वैशाखात मुक्ताई, ज्येष्ठात निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. आठ महिन्यांत चौघंही गेली.

आणि ही चौघं मुलं कुणाची? संन्यास घेऊन परत संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची. संन्याशाचं घराशी काय नातं उरतं हा प्रश्न त्या घरानं जेवढा भोगला तेवढा कुणी भोगला नसेल.

वाळूचा किल्ला
(मंगळवार, रात्री ९:३०)

हे आवडलं. एकनाथांचीही गोष्ट आहे ना? श्राद्धाचा स्वयंपाक तयार, वास आला म्हणून दारावरून जाणारी महार मंडळी थबकली, आणि नाथांनी ते अन्न त्यांनाच जेवू घातलं. ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला. मग म्हणे पितर स्वतः येऊन जेवून गेले. मला चमत्काराचं काही नाही, पण पहिला अर्धा भाग मी कुठल्याही श्राद्धाला करायला तयार आहे.

घंटानाद
(मंगळवार, रात्री ९:४१)

हो, पैठणची. नाथांनी १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला, तिथे अजून षष्ठीला लोटालोट असते.

कृष्णाकाठची
(बुधवार, सकाळी ७:१५)

सगळ्यांचे आभार. काल रात्री नानांना प्रतिसाद वाचून दाखवले. तीळदर्भ यांचा ऐकताना 'लेपभागी'पाशी थांबवून परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "मग बाळू कुठे आहे? वसूत नाही, रुद्रात नाही, हाताच्या लेपातही नाही." मला उत्तर देता आलं नाही.

अजून एक. ओळखीतल्या एकांनी आईच्या डोक्यात भरवलंय की घरात संन्यासी अतृप्त गेला म्हणजे पितृदोष, अमुक क्षेत्री जाऊन नारायण नागबळी करा. खर्चाचा आकडाही सांगून गेले. आई घाबरली आहे.

तीळदर्भ
(बुधवार, सकाळी ७:५०)

आईंना सांगा, निर्धास्त राहा. नावामुळे गोंधळ होतो. नारायण नागबळीतला नारायणबळी हा दुर्मरणासाठी असतो, अपघात, आत्महत्या, बुडून मृत्यू असं काही असेल तर. यतीच्या बाराव्या दिवसाचाही नारायणबळीच, पण तिथे गुरू आणि केशवादी नावांनी नारायणाची पूजा असते, तिचा सद्गतीच्या अडथळ्याशी संबंध नाही. आणि संन्यासी अतृप्त राहिला म्हणणं म्हणजे त्याच्या संन्यासालाच खोटं ठरवणं. हे त्या गृहस्थांना तोंडावर विचारा, आकडा खाली येईल.

नानांच्या प्रश्नाबद्दल. महालयात फक्त तीन पिढ्या नसतात. वडील, आई, आईचे वडील यांच्या ओळी झाल्या की मोठी यादी सुरू होते: बायको, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, सासरे आणि शेवटाकडे गुरू, शिष्य, आप्त. वर्षभरात ज्यांना कधी पाणी मिळत नाही ते सगळे या पंधरवड्यात येतात. त्या यादीत भाऊ एका ठिकाणी आणि गुरू दुसऱ्या ठिकाणी आहे. नानांनी बाळूला भावाच्या जागी शोधलं तर तो सापडणार नाही. गुरूच्या जागी शोधावं लागेल. मोठ्या भावाला हे जड जातं, कळतंय मला.

उलट बाजूची एक गोष्ट नानांना सांगा. शंकराचार्यांनी संन्यासी असून आईचे अंत्यसंस्कार स्वतः केले, तिला तसं वचन दिलं होतं म्हणून. कालडीच्या लोकांनी मदत केली नाही अशी कथा आहे. म्हणजे नियम माहीत असलेल्या माणसालाही तो एकदा मोडावासा वाटलाच.

मठ्ठा
(बुधवार, सकाळी ८:३०)

माझे वडील आहेत (देवाच्या दयेनं खणखणीत). म्हणजे मला या पंधरवड्यात नुसतं वडे खायचंच काम का?

तीळदर्भ
(बुधवार, सकाळी ८:४४)

वडे खा, पण माघ शुद्ध अष्टमी लक्षात ठेवा. भीष्माष्टमी. वडील हयात असलेल्यांनाही यम आणि भीष्म या दोघांचं तर्पण करता येतं. भीष्म आजन्म ब्रह्मचारी, मूलबाळ नाही, म्हणून त्याला पाणी द्यायचं काम सगळ्यांवर वाटून टाकलंय. वैयाघ्रपद गोत्र, सांकृति प्रवर म्हणून अर्घ्य देतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडायचं, त्याला पितृतीर्थ म्हणतात.

कृष्णाकाठची
(बुधवार, रात्री १०:०२)

भीष्माचं नानांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठून गुरुजींना फोन लावला. बाहेर पडवीत जाऊन बोलले, पण एवढं ऐकू आलं: "बारस कधी आहे?"

उंबरठा
(गुरुवार, सकाळी १०:१०)

नंतर काय झालं ते नक्की कळवा.

कृष्णाकाठची
(वीस दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ५:३०)

कळवते म्हटलं होतं, राहून गेलं.

पंचमीला आजोबांचा महालय नेहमीसारखा झाला. नानांनी काही हट्ट केला नाही. सव्य-अपसव्य करताना हात थरथरतो आता, मी जानवं सावरून देत होते.

द्वादशीला गुरुजी सकाळीच आले. आई नेहमीच्या सवयीनं पानाखाली मंडल काढायला बसली आणि तिनं विचारलं, "गोल काढू की चौकोनी?" श्राद्धात देवांच्या पानाखाली चौकोनी आणि पितरांच्या पानाखाली गोल काढतात, तुम्हाला माहीत असेल. गुरुजी क्षणभर थांबले. म्हणाले, "चौकोनी. देवाचं पान आहे." आईनं भस्माचा चौकोन काढला. नाना खुर्चीत बसून बघत होते. पिंड नव्हते, तीळ नव्हते, काकबळी नव्हता, जानवं सव्यच. अतिथी म्हणून गुरुजींचे चुलतभाऊच बसले.

मग संकल्प. गुरुजी म्हणाले, "संन्यासाश्रमातलं नाव सांगा."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. चौदा वर्षांत आम्ही त्यांना बाळकाका सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. आश्रमातून फोन यायचा तो 'स्वामीजी' असाच. दशनामींतले म्हणजे शेवटी सरस्वती, तीर्थ, भारती, पुरी असं काहीतरी असणार, एवढीच अक्कल. मी आश्रमात फोन लावला, कुणी उचलेना. मला उंबरठाताईंचं दिविषत् आठवलं, पण ते पणजोबांसाठी, ते इथे कसं चालणार? गुरुजी म्हणाले, नुसतं 'यती' म्हणू.

नाना म्हणाले, "थांबा."

ते उठले, आत गेले. कपाटात वरच्या खणात विम्याच्या कागदांची पिशवी असते, ती घेऊन आले. तिच्यातून एक आंतर्देशीय पत्र काढलं. निळं, घडीवर विरलेलं. काकांचं अक्षर, पोस्टातल्या माणसाचं, टपोरं, पिनकोड चौकटीत नीट बसवलेला. अकरा वर्षांपूर्वीचं. आत फार काही नव्हतं. प्रकृती बरी आहे, नर्मदेला पाणी आलंय, वहिनींनी वाढलेले घारगे आठवतात, आठवायला नको खरं तर. आणि खाली सही, पूर्ण संन्यासाचं नाव. ते इथे लिहीत नाही.

हे पत्र आईलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "उत्तर नाही पाठवलंत?"

नाना म्हणाले, "मायना काय घालू? चि. बाळूस लिहू की स्वामींच्या चरणी साष्टांग लिहू? दोन्ही लिहून बघितलं. दोन्ही फाडलं."

गुरुजींनी पत्र हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि संकल्पात ते नाव घेतलं. नाना म्हणाले, परत म्हणा. गुरुजींनी परत म्हटलं. मग नानांनी अतिथींचे पाय धुतले, गंध लावलं, नमस्कार केला. खाली वाकताना मी आधार द्यायला पुढे झाले तर हातानंच नको म्हणाले.

जेवणं झाल्यावर नाना आणि गुरुजी पडवीत कॉफी पीत बसले आणि बँकेच्या व्याजदरावर बोलत होते.

घंटानाद
(रविवार, संध्याकाळी ६:००)

दंडवत.

तीळदर्भ
(रविवार, संध्याकाळी ६:४८)

चौकोनी. अगदी बरोबर. गुरुजींना माझा नमस्कार सांगा.

वाळूचा किल्ला यांचा दुसरा प्रश्न मी अजून सोडलेला नाही, पण आज लिहीत नाही.

वाळूचा किल्ला
(रविवार, संध्याकाळी ७:१५)

नका लिहू. माझ्याकडेही एक पत्र आहे उत्तर न दिलेलं. संन्याशाचं नाही, आत्याचं. ती आहे अजून.

सांजोरी
(रविवार, रात्री ८:०५)

ताई, घारगे कसे करता ते सांगा ना. आमच्याकडं भोपळ्याचे करतात पण फुगत नाहीत.

कृष्णाकाठची
(रविवार, रात्री ९:२०)

आईला विचारून लिहिते. लाल भोपळा किसून थोड्या तुपावर वाफवायचा, गरम असतानाच गूळ घालून विरघळवायचा. त्या रसात मावेल तेवढी कणीक आणि मूठभर तांदळाचं पीठ, चिमूट मीठ, वेलची. पाणी अजिबात नाही. तासभर झाकून ठेवायचं. केळीच्या पानावर तूप लावून थापायचे, जाडसर हवेत, पातळ झाले तर फुगत नाहीत. तेल मध्यम तापलेलं. त्या दिवशी आईचा गूळ कमी पडला होता असं नाना म्हणतात. आई म्हणते, बाळूभावजींना असेच आवडायचे.